यंत्र म्हणालं, बजरंग खोटा

लोक विचारायचे, "सुनंदाबाई, तुम्ही कुपवाडला नक्की करता तरी काय?" मी सांगायची, "दुसऱ्यानं बनवलेलं मोडते." सासूबाई शेजारी भाजी निवडत बसलेल्या असत. मान वर न करता त्या म्हणायच्या, "त्यासाठी कुपवाडला कशाला जायला हवं? घरी जमतंच की तुला."

थट्टा सोडून द्या, पण माझ्या नोकरीचं याहून नेमकं वर्णन मला अजून सुचलेलं नाही. प्रोग्राम लिहिणारा प्रोग्राम लिहितो आणि तो चालतो अशी त्याची समजूत असते. ती समजूत मोडायची, त्याचा मला पगार मिळायचा. मूळची मी साताऱ्याची. लग्नाआधी तिथं टायपिंगच्या क्लासात शिकवायची. मुलींच्या कागदावरची चूक दुरून दिसायची मला, आणि दिसली की गप्प बसवायचं नाही. हा स्वभाव संसारात फार उपयोगी नाही, पण नोकरीत मात्र उपयोगी पडला.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या अखेरची. कुपवाडच्या एमआयडीसीत जयवंतरावांची फौंड्री होती. पंपाचे सुटे भाग ओतायचे. खाली भट्टी, वाळू, धूर आणि वरच्या मजल्यावर काचेच्या दाराआड संगणक. फौंड्रीवाल्यानं सॉफ्टवेअर काढलं म्हणून सगळी एमआयडीसी हसली होती. जयवंतरावांनी कुणाला भीक घातली नाही. "लोखंडात पोकळी राहिली तर पंप फुटतो, तुमच्यात चूक राहिली तर काय फुटतं?" असं त्यांनी मला मुलाखतीत विचारलं होतं. मी म्हटलं, "डोकं." त्यावर मला नोकरी मिळाली.

प्रोग्राम लिहायचा मिलिंद. वाईचा मुलगा, इंजिनिअर, हुशार आणि हुशार माणसांना असतो तेवढा हट्टी. त्यानं मराठीसाठी एक टेक्स्ट एडिटर बनवला होता. म्हणजे मजकूर लिहायचा, खोडायचा, जतन करायचा आणि छापायचा प्रोग्राम, बाकी सजावट काही नाही. त्यानं रोज काहीतरी नवं घालायचं आणि मी ते तपासायचं. एकेक गोष्ट हातानं तपासत बसलं तर जन्म जाईल, म्हणून आम्ही छोट्या छोट्या तपासण्यांची एक लांब माळ केली होती. सकाळी ती सुरू करून द्यायची. संगणक स्वतःच फाईल उघडायचा, टाईप करायचा, खोडायचा, जतन करायचा आणि प्रत्येक तपासणीपुढे पास किंवा नापास लिहायचा. त्या माळेचं नाव मी ठेवलं होतं, हजेरी.

या हजेरीत एकेक नग होता. शिराळ्याच्या एका कार्यालयातले भाऊसाहेब आमचा एडिटर वापरायचे. नवीन पान हवं असलं की ते स्पेसच्या बटणावर पेपरवेट ठेवायचे आणि चहाला जायचे. परत येईपर्यंत पान सरकलेलं असायचं. एकदा चहावर गप्पा रंगल्या आणि एडिटरनं मान टाकली. मिलिंद चिडून म्हणाला, "अहो, असं कोण करतं?" मी म्हटलं, "शिराळ्यात करतात." आणि हजेरीत पेपरवेटची तपासणी घातली. मला तिचा आजही अभिमान आहे.

आता मुद्द्यावर येते.

सांगलीतल्या एका दैनिकाला आमचा एडिटर हवा होता. तालुक्यातले बातमीदार तोवर बातम्या फोनवर सांगायचे किंवा एसटीच्या पाकिटातून पाठवायचे. त्यातून एक भानगड झाली होती. कवठे महांकाळचा त्यांचा बातमीदार बजरंग पाटील. त्याच्या नावानं कुणीतरी छापखान्यात फोन केला आणि तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या निधनाची बातमी सांगितली. लाईनवर खरखर, ड्युटीवरच्या माणसाला आवाज काय ओळखू येणार? बातमी छापली, फोटोसकट. पुढारी सकाळी चहा पिता पिता स्वतःचं निधन वाचत बसले. "समाजाची कधीही भरून न निघणारी हानी" हे वाचून त्यांना म्हणे बरंही वाटलं, पण मग ते जे उखडले, ते थेट छापखान्यात.

बजरंग शपथेवर सांगत होता, फोन मी केला नाही. पण पुरावा कुठून आणणार? व्यवस्थापकांनी त्याला तंबी दिली, पुन्हा असं झालं तर तुझी जागा दुसऱ्याला. त्या नोकरीवर त्याचं घर चालायचं. कोरडवाहू तालुका, दुसरं होतं काय तिथं? आणि त्याहून जास्त म्हणजे त्याचं नाव बुडत चाललं होतं. बाजारात लोक त्याला बघून म्हणायचे, "आलं बघा, जित्याला मारणारं!" कुठल्या वस्तीवर कुठल्या दिवशी पाण्याचा टँकर, ही बातमी तो न चुकता द्यायचा. तालुका ती वाचून घागरी बाहेर काढायचा. त्या माणसाला खोटारडा म्हणायचे.

म्हणून दैनिकानं आम्हांला सांगितलं, बातमी एडिटरमध्ये लिहायची, तिथूनच फोनच्या तारेवरून छापखान्यातल्या संगणकावर यायची, आणि ती कुणी पाठवली याबद्दल शंका राहता कामा नये. मिलिंदनं सुरक्षित जोडणीची सोय एडिटरात बसवली. ती अशी चालते. दोन संगणक बोलायला लागण्याआधी एकमेकांना ओळखपत्र दाखवतात. आम्ही त्याला कार्ड म्हणायचो. कागदाचं नव्हे, फ्लॉपीवरची एक छोटी फाईल. त्या कार्डावर माणसाचं पूर्ण नाव, कार्ड कधीपासून कधीपर्यंत चालेल त्या तारखा आणि खाली आमच्या कंपनीचा शिक्का. शिक्का गणिताचा, त्याची नक्कल करता येत नाही. कार्ड पटलं की पुढचं सगळं बोलणं गुप्त लिपीत. नाही पटलं की जोडणी बंद.

हे तपासायला मी प्रत्येक मशीनवर एक लुटुपुटूचा छापखाना उभा केला होता. त्याच मशीनवरचा एडिटर त्याला कार्ड दाखवायचा. एक चांगलं कार्ड, ते घेतलंच पाहिजे. एक मुदत संपलेलं आणि एक दुसऱ्याच्या नावाचं, ती हाकललीच पाहिजेत. चांगलं कार्ड मी आठवड्याचंच करायची आणि दर सोमवारी नवं. शिळ्या कार्डावर तपासणी करणं मला पटायचं नाही. मिलिंद म्हणायचा, "ताई, वर्षभराचं करून टाका ना एकदाच." मी म्हणायची, "तू वर्षभराची पोळी एकदाच लाटतोस का?"

सगळ्या बातमीदारांना कार्डं दिली. पावसाळाभर काम सुरळीत चाललं. भाद्रपदात एक दिवस बजरंग आमच्या काचेच्या दारात उभा. उंच, हडकुळा, बोलताना हातातली पिशवी सारखी या हातातून त्या हातात घेणारा.

"ताई, फ्लॉपीला बुरशी धरली बघा. आत घातली की नुसती खरखर करतीया. नवीन द्या, न्हाईतर उद्याची टँकरची बातमी जायची न्हाई."

फ्लॉपीला बुरशी धरायची, नव्या पोरांना हे सांगितलं तर हसतात. शिक्का ज्या मशीनवर होता ते मशीन कोपऱ्यात, जयवंतरावांच्या केबिनमध्ये होतं. बजरंग तिकडे गेला, जयवंतरावांनी त्याला चहा पाजला, मग मिलिंदनं जाऊन कार्ड काढून दिलं. बजरंग नवी फ्लॉपी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून एसटीनं गेला.

दुसऱ्या दिवशी छापखान्यातल्या संगणकानं त्याची जोडणी तोडली. पडद्यावर एकच ओळ आली, "ओळखपत्र ग्राह्य नाही." त्यानं पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. इतर तालुक्यांच्या बातम्या येत होत्या, फक्त कवठे महांकाळची नाही.

व्यवस्थापकांचा फोन आला. मीच उचलला.

"तुमचंच यंत्र सांगतंय की हा माणूस खोटा आहे. त्यानं कार्ड कुणाला दिलं, कुणाकडून बनवून घेतलं, देव जाणे. मला साधी गोष्ट कळते. एकतर तुमचं यंत्र भिकार, नाहीतर तो बजरंग. कोण ते उद्या सांगा. यंत्र असेल तर तुमचं काम बंद. तो असेल तर त्याचं."

मी फोन ठेवला. ज्याचं नाव राखण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यालाच आमचं यंत्र खोटा म्हणत होतं! आणि लोकांचं म्हणणं तर ठरलेलंच होतं, यंत्र कशाला खोटं बोलेल?

त्याच दोन-तीन दिवसांत हजेरीतही एक भलतंच दुखणं निघालं होतं. माझं चांगलं कार्ड, सोमवारीच केलेलं, माझ्या मशीनवर पास, मिलिंदच्या मशीनवर पास आणि कोपऱ्यातल्या मशीनवर नापास. तोच प्रोग्राम, तीच तपासणी.

मिलिंद म्हणाला, "ताई, ती तपासणी नासली आहे. सध्या काढून टाका, आपण आधी बजरंगचं बघू."

"नापास पोराचं नाव पटावरून काढलं की शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो, माहीत आहे मला. नाही काढणार."

"मग निदान बजरंगच्या नावापुरती तपासणी सैल करू. त्याचं कार्ड कसंही असलं तरी घे, असं छापखान्यातल्या प्रोग्रामला सांगतो. दहा मिनिटांचं काम आहे. त्याची नोकरीही वाचेल आणि आपलं कामही."

खोटं कशाला बोलू, ऐकायला गोड वाटलं. पण मग त्याच्या नावानं कुणीही उठून काहीही पाठवलं असतं आणि यंत्रानं ते गुमान घेतलं असतं. पुन्हा कुणीतरी चहा पिता पिता स्वतःचं निधन वाचलं असतं. मी मिलिंदला म्हटलं, "दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली कडीलाच लटकवायची, याला सुरक्षित म्हणायचं असेल तर माझा राम राम घे." तो रागावून खाली फौंड्रीच्या अंगणात जाऊन उभा राहिला. जाऊ दे म्हटलं.

बजरंगला मी फोनवर फ्लॉपी घेऊन बोलावलंच होतं. दुपारी तो आला. चेहरा पार उतरलेला. "ताई, मी कुणालाबी दिली न्हाई हो फ्लॉपी. रात्री उशाखाली घेऊन झोपतोय मी," एवढंच म्हणाला आणि जिन्याजवळच्या बाकावर बसून राहिला.

मी त्याचं कार्ड माझ्या मशीनवर, लुटुपुटूच्या छापखान्याला दाखवलं. नापास. मिलिंदच्या मशीनवर, नापास. म्हणजे छापखान्याचा दोष नाही, फोनच्या लाईनचा नाही, कवठे महांकाळच्या संगणकाचाही नाही. दोष कार्डातच. खरंच यानं काही उद्योग तर केला नसेल?

मग उरलं म्हणून कोपऱ्यातल्या मशीनवर घातलं. पास!

मी तिथंच खुर्चीत बसले. माझं चांगलं कार्ड सगळीकडे पास आणि इथं नापास. बजरंगचं कार्ड सगळीकडे नापास आणि फक्त इथं पास. बरोबर उलटं. आता ही दोन दुखणी नव्हती, एकच होतं, आणि ते या कोपऱ्यात बसलं होतं. नासली म्हणून जी तपासणी मिलिंद काढायला निघाला होता तीच मला हाताला धरून तिथवर घेऊन आली होती. तो क्षण आठवला की अजून माझी पाठ ताठ होते.

मिलिंदला हाक मारली. कोपऱ्यातलं मशीन म्हटल्यावर राग विसरून तो जिना चढत वर आला.

"या मशीनचं घड्याळ बघ."

त्यानं पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं, मग मनगटावर. "बरोबर आहे की. मिनिटाचाही फरक नाही."

आणि खरंच नव्हता. त्या वेळच्या संगणकावर कोपऱ्यात फक्त वेळ दिसायची, तारीख नाही. तारीख बघायला त्या वेळेवर माउसचा बाण नेऊन थांबावं लागे. त्यात वेळ बरोबर दिसली की तारीखही बरोबर असणार, असं सगळेच धरून चालायचे. पण कार्डात असतं काय? नाव मी अक्षर न् अक्षर तपासलं होतं. शिक्का बरोबर होता. उरल्या तारखा. मी म्हटलं, "बजरंगच्या कार्डावर कधीपासून आहे ते काढून दाखव."

मिलिंदनं कार्ड उलगडलं. मी तारीख वाचली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. माझ्या घरी आदल्याच दिवशी अविधवा नवमीची सवाष्ण जेवून गेली होती. पितृपंधरवडा चालू होता. आणि बजरंगचं कार्ड म्हणत होतं, मी घटस्थापनेपासून चालेन! आज ते दाखवलं तर कुठलंही शहाणं यंत्र म्हणणार, बाबा रे, तू अजून जन्मलाच नाहीस. कार्डावर तारीख पडायची ती याच मशीनच्या घड्याळावरून. मिलिंदनं घड्याळावर बाण नेला. सगळ्या सांगली जिल्ह्यात पितर जेवत होते आणि या मशीनमध्ये घट बसले होते. त्यामुळे माझं आठवड्याचं कार्ड इथं केव्हाच शिळं झालेलं.

म्हणजे आमच्या यंत्रानं बजरंगला खोटा म्हटलंच नव्हतं. ते म्हणत होतं, अजून वेळ झाली नाही. पण मिलिंदनं सगळ्या नकारांना एकच वाक्य देऊन ठेवलं होतं. नक्कल केलेलं कार्ड असो, संपलेलं असो की न जन्मलेलं, उत्तर एकच, ग्राह्य नाही. त्या एका वाक्यापायी एक माणूस बाकावर चोरासारखा बसला होता. मिलिंदचा चेहरा पडला. मी त्याला टोचलं नाही, हे माझ्या स्वभावाच्या मानानं विशेषच.

पण तारीख पुढे नेली कुणी? आम्हां दोघांशिवाय त्या केबिनमध्ये बसणारा एकच माणूस होता. आम्ही दोघं खाली उतरलो. जयवंतराव भट्टीपाशी उभे होते, घामानं निथळत.

"जयवंतराव, केबिनमधल्या मशीनची तारीख तुम्ही बदललीत?"

"व्हय. मीच केली." जराही आढेवेढे नाहीत. "का वो?"

"का केलीत?"

"आवं सुनंदाबाई, त्या पोराच्या मागं आधीच लचांड. त्यात पितृपाटात त्याचं नवं कार्ड काढायचं? या दिवसांत आपण साधी चप्पल घेत न्हाई नवी. म्हटलं, घटाची तारीख घालावी. चांगला मुहूर्त हाय. त्याला चहा दिला, तेवढ्यात घातली बघा. कुनाचं काय बिघडलं?"

काय बोलणार या माणसाला? चिडावं तर त्यानं मायेनं केलेलं. बजरंगचं भलं व्हावं म्हणून त्यानं अख्ख्या संगणकाला पितृपंधरवड्यातून उचलून नवरात्रात नेऊन ठेवलं होतं. मी काय झालं ते सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी डोक्याचा टॉवेल काढला आणि वाळूच्या ढिगावर बसले.

मग म्हणाले, "मिलिंद, गुपचूप नवीन काढून दे. मी सायबास्नी सांगतो, मोडेम बिघडला हुता. फौंड्रीवाल्यानं पंचांग बघून कंपूटर चालवला हे भाईर गेलं तर सगळी एमआयडीसी शेण घालंल तोंडात."

"मोडेम बिघडला म्हटलं तर बजरंग खोटाच राहतो," मी म्हटलं. "यंत्रानं लाईन तुटली असं म्हटलेलं नाही. माणूस ग्राह्य नाही म्हटलंय, आणि ते छापखान्यातल्या सगळ्यांनी वाचलंय. एकदा त्याचं नाव गेलंय, जयवंतराव. दुसऱ्यांदा आपल्या हातून घालवायचं?"

"आन् माझं नाव?"

"तुमची भट्टी आहे. त्याच्याकडे नावाशिवाय काय आहे?"

माझा आवाज चढला होता. फौंड्रीतली माणसं हातातलं काम थांबवून बघत होती. मालकाशी असं बोलण्याची पद्धत नव्हती आणि बाईनं तर नव्हतीच. नोकरी गेली असं मी धरूनच चालले. जयवंतराव उठले, टॉवेलनं तोंड पुसलं आणि म्हणाले, "चला. जीप काढतो."

जीपमध्ये पुढे जयवंतराव, मागे मी, मिलिंद आणि मध्ये बजरंग. त्याला आम्ही सगळं सांगितलं. तो पिशवी मांडीवर घट्ट धरून बसला. छापखान्यात व्यवस्थापकांच्या टेबलासमोर जयवंतराव उभेच राहिले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"सायेब, तुमी ईचारलं हुतं, यंत्र भिकार का पोरगं. यंत्र खरं हाय. पोरगं बी खरं हाय. तारीख खोटी हुती आन् ती मी घातली हुती. पितृपाट लागला हुता म्हणून."

खोलीत दोन उपसंपादक होते. एकानं हसू दाबायला खोकल्याचं निमित्त केलं. जयवंतरावांचे कान लाल झाले, पण ते हलले नाहीत. लोखंड ओतणारा माणूस तो, पण त्या दिवशी मला तो जितका मोठा वाटला तितका भट्टीपुढे कधी वाटला नव्हता.

व्यवस्थापकांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग मला म्हणाले, "बाई, तुम्हांला हे कसं सापडलं?" मी सांगितलं, नापास तपासणी काढून टाकली नाही म्हणून. ते म्हणाले, "ठीक आहे. नवं कार्ड आजच काढा, खऱ्या तारखेचं. संध्याकाळी त्याची बातमी त्याच्या नावानं इथं आली पाहिजे, आणि ती येताना या खोलीतली सगळी माणसं पडद्यासमोर उभी राहतील. ज्यांनी त्याला खोटा म्हटलं त्यांनी बघायचं."

आम्ही परत कुपवाडला आलो. मिलिंदनं कोपऱ्यातल्या मशीनची तारीख जागेवर आणली आणि मी हजेरी चालवली. चांगलं कार्ड पास. सगळी माळ पास. त्याच बैठकीत मिलिंदनं नकाराची वाक्यं वेगवेगळी केली आणि न सांगता हजेरीत एक नवी तपासणी घातली, न जन्मलेल्या कार्डाची. पुढे आमचा एडिटर मागे पडला, वरच्या मजल्यावर आता ओतकामाचे साचे ठेवतात, मला तिकडून जाताना वर बघवत नाही. मिलिंद परदेशात मोठ्या हुद्द्यावर आहे. दिवाळीला फोन करतो तेव्हा सांगतो, नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी विचारतो, न जन्मलेलं कार्ड तपासलंत का? मग माझी दिवाळी गोड होते.

तर, कार्ड काढायची वेळ आली. जयवंतराव दारात घुटमळत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "बजरंग, गड्या, अजून सांग. सायबांना मी सांगतो, घटापतूर थांबा म्हणून. पितृपाटात तुझं नाव लागणार हाय त्यावर."

बजरंग म्हणाला, "पूर्ण नाव लागतंय न्हवं, ताई? बापाच्या नावासकट?"

"हो. बजरंग महादेव पाटील."

"मग आजच काढा. मी रांगत हुतो तवा गेला माझा बा. आमच्या घरात त्याचा फोटोबी न्हाई. ह्या दिवसांत येत असंल, तर बघू दे की त्याला, पोरानं नाव कुठवर नेलंय."

जयवंतराव आत गेले आणि देवाच्या फोटोपुढचं एक फूल आणून त्यांनी मशीनवर ठेवलं. मिलिंदनं कार्ड काढलं.

बजरंग मिळेल त्या एसटीनं कवठे महांकाळला गेला. मी छापखान्यात जाऊन थांबले. पडद्यासमोर व्यवस्थापक, दोन्ही उपसंपादक, ड्युटीवरचा तो फोन घेणारा माणूस, सगळे उभे होते. दिवेलागणीला मोडेम कुरकुरला. पडद्यावर ओळ उमटली, "बजरंग महादेव पाटील, कवठे महांकाळ. ओळख पटली." खाली टँकरची बातमी उतरायला लागली, वस्ती आणि वार, वस्ती आणि वार. फोन घेणाऱ्या माणसानं टोपी काढून हातात घेतली.

बातमी पूर्ण उतरली आणि थोड्या वेळानं टेबलावरचा फोन वाजला. मी उचलला. पलीकडे एसटीडी बूथमधला गलका आणि बजरंगचा आवाज.

"ताई, गेली का वो बातमी?"

"गेली."

"माझ्याच नावानं गेली न्हवं?"

"तुझ्याच नावानं. वाचली सगळ्यांनी."

एसटीडीचं मीटर पळत होतं आणि तो फोन ठेवत नव्हता.